उत्सवमूर्तीचा परतीचा रस्ता

कुंभकोणमच्या आमच्या जुन्या घरात माझी आत्या राहते. वय शहाऐंशी. दिसते कमी, ऐकू बरे येते, आणि बोलायला कुणी मिळाले की ती थांबत नाही. बोलते ती तंजावरी मराठी. माझे वडील नोकरीसाठी मुंबईला आले आणि आमच्या शाखेची मराठी दादरच्या शाळेत सरळ झाली. आत्याची तिथेच राहिली, ‘मज’ आणि ‘तुज’सकट. गेल्या पोंगलला मी गेलो होतो तेव्हा पुतणीही चेन्नईहून आली होती. तिने दोन मित्रांबरोबर एक छोटे स्टार्टअप काढले आहे. कुंभकोणमला आलेल्या माणसाने कानात इअरफोन घालायचे, हातात फोन धरायचा आणि गावातून चालायचे. महामहम तळ्याच्या काठावर फोन धरला की पडद्यावर बारा वर्षांनी येणारा स्नानाचा दिवस दिसावा, दारासुरमला गेले की मोडलेले शिल्प पुरे होऊन दिसावे, आणि जुन्या मराठी घरांपाशी पोचले की एका म्हातारीच्या आवाजात तंजावरी मराठी ऐकू यावी. पाय खऱ्या रस्त्यावर, डोळे आणि कान अर्धे दुसरीकडे.

तो म्हातारीचा आवाज आत्याचा हवा होता. चाळीस तासांचे ध्वनिमुद्रण करायचे, त्यावरून संगणकाने तिचा आवाज शिकायचा, आणि पुढे लागेल ते वाक्य त्या आवाजात बोलायचे.

“काका, तुम्ही आजीला समजवा,” पुतणी म्हणाली.

मी समजावले. आत्याने सगळे ऐकून घेतले, कॉफीचा पेला खाली ठेवला आणि विचारले, “मी गेल्यावर तो आवाज जे बोलेल, ते कोण बोलत असेल?” (तिचे वाक्य मी इथे माझ्या मराठीत लिहितो आहे. म्हणजे तिची एक प्रत मीही काढतोच आहे.) उत्तर पुतणीकडे नव्हते, माझ्याकडेही नव्हते. त्या प्रश्नाने नंतरचे चार दिवस मला गावभर फिरवले.

पुतणीची बाजू कच्ची नव्हती, हे आधी सांगायला हवे. ती म्हणाली, “काका, इथल्या देवळात देवाने स्वतःच आपली दुसरी प्रत काढून ठेवली आहे.” खरेच आहे. दक्षिणेतल्या मोठ्या देवळांत मूलवर आणि उत्सवर असे दोन असतात. मूलवर दगडाचा, गाभाऱ्यात कायमचा बसलेला. उत्सवर धातूचा; सणाला तो नटून, पालखीत नाहीतर रथात बसून रस्त्यावर येतो. जे देवळापर्यंत येऊ शकत नाहीत त्यांच्या दारात देव जातो. “मोबाइल हा आमचा उत्सवर,” ती म्हणाली.

तिचा पुढचा मुद्दा मला जास्त लागला. येऊ शकत नाहीत, असे आपण सहज म्हणतो. कितीतरी जणांना येऊ दिले जात नव्हते. मदुरईच्या मीनाक्षीच्या देवळात दलितांचा प्रवेश झाला तो १९३९ साली. पंढरपूरसाठी साने गुरुजींना १९४७ साली उपोषण करावे लागले, आणि चोखोबांची जागा आजही पायरीपाशीच आहे. त्या सगळ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या देव पाहिला तो बाहेर आला तेव्हाच, आणि तोही त्यांच्या रस्त्याने गेला तर. आमच्यासारख्या घरातल्या माणसाने ‘प्रत्यक्ष दर्शनाची सर कशालाच नाही’ असे म्हणण्यापूर्वी हे आठवावे. प्रत्यक्षाचे कौतुक करणाऱ्याला दार बहुधा आधीच उघडलेले असते. शिवाय प्रत्यक्षाची किंमत कधी कधी जीव असते: १९९२ च्या महामहमला या तळ्यावर चेंगराचेंगरी होऊन जवळपास पन्नास माणसे गेली. पुढचे महामहम २०२८ साली आहे. त्या दिवशी काही लाख लोकांनी घरी बसून पडद्यावर पाहिले, तर मी त्यांना नावे ठेवणार नाही.

आणि हे सगळे नवे आहे असेही नाही. देवाला मनिऑर्डर करून टपालाने अंगारा मागवणारी पिढी मी पाहिली आहे. बंगळुरूच्या एका कंपनीने २०२० साली सुरू केलेल्या ‘श्रीमंदिर’ या अ‍ॅपवरून आता लोक दूरच्या देवळात आपल्या नावाने पूजा सांगतात. पोस्टमनच्या जागी फोन आला, एवढाच यातला फरक असेल तर तक्रार कशाची करायची?

दुसऱ्या दिवशी आम्ही दारासुरमला गेलो. गावापासून तीनचार किलोमीटरवर. दुसऱ्या राजराजाने बाराव्या शतकात बांधलेले ऐरावतेश्वराचे देऊळ. २००४ पासून युनेस्कोच्या यादीत. देवळासमोरच्या बलिपीठाला दगडी पायऱ्या आहेत. त्यांवर आघात केला की वेगवेगळे सूर निघतात. आज त्यांच्याभोवती लोखंडी जाळी आहे. येणाऱ्या प्रत्येकाला सूर ऐकायचा होता, प्रत्येकाने दगड ठोकला असता तर दगड उरला नसता. म्हणून तो झाकला. दगड वाचला आणि मुका झाला.

पुतणीने जाळीसमोर फोन धरला. एकेक पायरी पडद्यावर उजळली आणि कानात सूर आले. सुंदर होते. मी विचारले, “हे कधी रेकॉर्ड केले?” ती जरा थांबून म्हणाली, “केले नाही. दगडाला हात लावता येत नाही ना. संगणकावर तयार केले.”

शेजारी तंजावरहून आलेले एक कुटुंब होते. पुतणीने त्यांच्या मुलाला इअरफोन दिले. तो ऐकून आईला म्हणाला, दगड गातो. मला तिथे पहिल्यांदा आत्याच्या प्रश्नाची धार कळली. ते सूर गोड होते, पण दगडाचे नव्हते. मुलगा आयुष्यभर सांगेल की मी दारासुरमचा दगड ऐकला. जे दगडाने म्हटले नाही ते दगडाच्या नावावर जमा झाले.

मराठी माणसाला हा घोटाळा चांगला ओळखीचा आहे. अभंगाच्या शेवटी संताची नाममुद्रा घातली की अभंग त्या संताचा झाला. नामदेवांच्या आणि तुकोबांच्या गाथांतून क्षेपक वेगळे काढता काढता अभ्यासकांच्या पिढ्या खपल्या. पण ज्याने तुकोबांच्या नावाने अभंग रचला त्याने स्वतःचे नाव त्यात बुडवले. त्याला त्यातून काही मिळवायचे नव्हते. आत्याच्या आवाजात उद्या जे वाक्य रचले जाईल त्यामागे कुणाचे बुडणे नसेल. ते एखाद्या हॉटेलची जाहिरातही असू शकेल. करारात ‘व्यावसायिक वापर’ असा शब्द होता. पुतणीच्या मनात तसे काही नव्हते, पण करार मनाने वाचायचा नसतो.

मग प्रतच वाईट म्हणायची का? तसे म्हणता येत नाही, आणि त्याचा पुरावाही याच मुलखात आहे.

कुंभकोणमच्या उत्तरेला, कोल्लिडम ओलांडून, अरियलूर जिल्ह्यात श्रीपुरंदान नावाचे गाव आहे. तिथल्या जुन्या शिवमंदिरातून २००६ च्या सुमारास नटराजाची चोळकालीन मूर्ती चोरीला गेली. देऊळ बंद पडलेले होते. चोरी झाल्याचे कळायला २००८ साल उजाडले. त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या सुभाष कपूर या विक्रेत्याकडून कॅनबेराच्या राष्ट्रीय कलासंग्रहालयाने तो नटराज सुमारे पन्नास लाख डॉलरना विकत घेतला. तो परत आला २०१४ च्या सप्टेंबरमध्ये, ऑस्ट्रेलियाच्या पंतप्रधानांच्या हातून. पाँडिचेरीच्या फ्रेंच संस्थेने गेली कित्येक दशके दक्षिणेतल्या देवळांचे आणि मूर्तींचे फोटो काढून ठेवले होते. त्यांत हा नटराज त्याच्या स्वतःच्या देवळात उभा होता. दुसऱ्या एका देवळातल्या, उडैयारपालयमच्या, चोरीच्या खटल्यात याच विक्रेत्याला नोव्हेंबर २०२२ मध्ये कुंभकोणमच्या न्यायालयाने दहा वर्षांची शिक्षा सुनावली.

एका काळ्यापांढऱ्या फोटोने देवाची साक्ष दिली. त्या प्रतीने काय केले ते पाहण्यासारखे आहे. ती मुळाच्या जागी जाऊन बसली नाही. ‘हा इथला आहे, याला इथे आणा,’ एवढेच ती म्हणाली. पण ही गोष्ट इथे संपवली तर ती फार गोड होईल. देऊळ ओस पडले होते म्हणून चोरी सोपी झाली, आणि ओस पडलेल्या गावांतल्या हजारो मूर्ती आज तिरुवारूरसारख्या सुरक्षाकेंद्रांत गजांआड एकत्र ठेवल्या आहेत. रोज दिवा लावणारे कुणी असते तर फोटोची गरज पडली नसती. फोटो देव परत आणू शकतो. दिवा लावणारा माणूस आणू शकत नाही.

याहून पुढे जाणारी प्रत मला सारंगपाणी सन्निधी रस्त्यावर सापडली. तिथे श्रीनिवास रामानुजनचे लहानसे घर आहे. लोक येतात, खाट पाहतात, खिडकी पाहतात, फोटो काढून जातात. मीही काढला. पण रामानुजनचा वारसा त्या खाटेत नाही, वह्यांत आहे. तो १९२० साली गेला तेव्हा वह्यांत हजारो निष्कर्ष होते आणि सिद्धता जवळजवळ नव्हत्या. १९५७ साली मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने त्या वह्या दोन खंडांत जशाच्या तशा छापल्या. त्याच्याच अक्षरात, संपादन नाही, टीपा नाहीत, नुसती छायाप्रत. पुढे अमेरिकेतल्या ब्रूस बर्न्ट यांनी एकेका ओळीची सिद्धता देत १९८५ ते १९९८ या काळात पाच खंड पुरे केले. त्यांचे काम संपले तरी वह्यांमधून निघणारे गणित संपले नाही. छायाप्रतीने वाचकाला काही अनुभव दिला नाही, काम दिले. ती म्हणाली, हे एवढे लिहिलेले आहे, सिद्ध तुम्ही करा.

तिसऱ्या दिवशी स्वामीमलैला गेलो, मूर्तिकारांच्या कारखान्यात. पुतणीला तिथल्या काही मूर्तींचे त्रिमितीय स्कॅन हवे होते. स्थपतींनी आनंदाने करू दिले. मेण आणि राळ मिसळून आधी मेणाची मूर्ती घडवतात, तिच्यावर कावेरीच्या गाळाचे थर चढवतात, भाजतात. मेण वितळून वाहून जाते आणि त्या पोकळीत धातू ओततात. थंड झाल्यावर साचा फोडतात. साचा फोडल्याशिवाय मूर्ती बाहेर येतच नाही, म्हणून एका साच्यातून एकच मूर्ती. दुसरी हवी असेल तर पुन्हा मेणापासून सुरुवात. मी विचारले, मग माप कसे जपता? त्यांनी नारळाच्या झावळीची एक अरुंद पट्टी दाखवली. मूर्तीच्या उंचीएवढी पट्टी कापायची आणि शास्त्रातल्या प्रमाणांनुसार घड्या घालायच्या: एवढा चेहरा, एवढी मान, एवढी छाती. पट्टी काही दिवसांत वाळून जाते. घड्या घालायची रीत बापाकडून मुलाकडे जाते.

एक हजार वर्षांत तिथे वस्तू जपली गेली नाही. करता येणे जपले गेले. पुतणीच्या स्कॅनमध्ये उलट होते. मूर्तीचा प्रत्येक बिंदू आला, घडी घालणारा हात आला नाही. स्थपती हसून म्हणाले, तुमच्या मशीनमधून मूर्ती निघेल, पण मूर्तिकार कुठून निघेल? त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. त्यांची काळजी निराळी होती, मुले शिकायला बसतील का ही.

परत येताना माझ्या मनात एक गोष्ट बसली. आता ती मला साधी वाटते, तेव्हा वाटली नव्हती. मूळ की प्रत, दगड की पडदा, हा वाद फसवा आहे. प्रत हातात आल्यावर आपल्या मुळाकडच्या देण्याचे काय होते, ते पाहावे. काही प्रती देणे आठवण करून देतात: पाँडिचेरीचा फोटो, मुंबईत छापलेली वही. काही प्रती देणे फिटल्याची पावती देतात: ऐकला दगड, झाले दर्शन, कळली तंजावरी मराठी. पावती मिळाली की माणूस मोकळा होतो, आणि मोकळा झालेला माणूस परत येत नाही. पडद्यावर पाहणारी आजारी बाई आणि पडद्यावर पाहून ‘आता जायला नको’ म्हणणारा धडधाकट माणूस यांच्या हातातला फोन एकच असतो. म्हणून दोष फोनवर टाकता येत नाही, आणि फोन करणाऱ्यांना पूर्ण मोकळेही सोडता येत नाही. प्रत कशी बनवली आहे यावरही काही ठरते. दारासुरमच्या सुरांआधी ‘हे सूर आम्ही तयार केले आहेत, दगड मुका आहे, का ते ऐका’ असे एक वाक्य असते, तर तो मुलगा घरी वेगळी गोष्ट घेऊन गेला असता. कदाचित जास्त चांगली.

पुतणीच्या उत्सवरालाही मी याच कसोटीवर लावले. उत्सवर बाहेर पडतो तो माणसांच्या खांद्यांवरून, खांदे दुखतात. आणि मिरवणूक कितीही लांब गेली तरी तो परत देवळात येतो. त्याला परतीचा रस्ता असतो.

भाषेच्या बाबतीत हे आणखी अवघड होते. भोसल्यांची तंजावरची गादी १८५५ साली खालसा झाली. त्याआधी, १८०३ साली, सरफोजीराजांनी बृहदीश्वराच्या भिंतीवर आपल्या घराण्याचा इतिहास मराठीत कोरवून घेतला. दगडासारखे टिकाऊ साधन दुसरे नाही. आज त्या भिंतीजवळून अलोट गर्दी जाते. अक्षर शाबूत आहे, वाचणारा थांबत नाही. सरस्वती महालात मोडी कागदांची दप्तरे आहेत. ती सगळी उद्या पडद्यावर आली तरी मोडी वाचणारा लागेलच. आणि बोली तर अक्षराहून नाजूक. देवळात कुणी नसले तरी देऊळ उभे राहते. बोलीला समोर दुसरा माणूस लागतो. आत्याचे चाळीस तास साठवले तर आवाज उरेल. पण तिच्या बोलण्याला त्याच बोलीत उत्तर देणारे कुणी नसेल, तर तो आवाज त्या भिंतीसारखाच.

इथे मला माझी चोरी कबूल केली पाहिजे. तो आवाज पुतणीपेक्षा मला जास्त हवा होता. मी तिच्याकडे वर्षातून एकदा जातो. तिची बोली मला समजते, बोलता येत नाही. लहानपणी दादरला हसतील म्हणून टाकली ती टाकली. चाळीस तासांचे ध्वनिमुद्रण म्हणजे माझ्यासाठी पावती होती. समजावायला मी इतक्या तत्परतेने का बसलो, ते मला स्वामीमलैहून परतताना कळले.

शेवटच्या संध्याकाळी मी हे सगळे आत्याला सांगितले. ती म्हणाली, “मी बोलते. मी जे बोलीन ते ठेवा. मी न बोललेले माझ्या तोंडी घालू नका.” आणि पुतणीकडे वळून, “मशीनशी बोलणार नाही. तू समोर बस, आणि तूही अशीच बोल.” पुतणीची मराठी म्हणजे तमिळवर ठेवलेले काही मराठी शब्द. ती बसली. दर दोन वाक्यांनी आत्या तिला अडवायची, शब्द दुरुस्त करायची, पुन्हा म्हणून घ्यायची, आणि मग स्वतः काय सांगत होती तेच विसरायची. त्या संध्याकाळी अडीच तासांत जेमतेम चाळीस मिनिटांचे कामाचे बोलणे निघाले. पुतणीच्या भागीदारांचे म्हणणे होते की चुका आणि दुरुस्त्या कापून टाकाव्यात. ती म्हणाली, ठेवायच्या. त्यावरून त्यांच्यात बरीच खडाजंगी झाली. आवाजाचे मॉडेल करायचे नाही, असे तूर्त ठरले आहे. आत्याच्या पश्चात काय ठरेल ते मी सांगू शकत नाही. पैशाची चणचण आली की ठरलेले बदलते, हे मी नोकरीत पाहिले आहे. एवढे झाले की पुतणी आता रविवारी आत्याला फोन करते. सगळ्या रविवारी नाही.

ते ध्वनिमुद्रण तिने मलाही पाठवले. त्यात एका ठिकाणी आत्या बोलता बोलता थांबते आणि मला विचारते, जेवायला काय करू. पुढे काही सेकंद शांतता आहे. मी तिथेच बसलो होतो. पण आवाज स्वच्छ यावा म्हणून पुतणीने मला गप्प राहायला सांगितले होते, आणि मी नुसता हात हलवला होता. तिला दिसत नाही हे माझ्या लक्षात आले नव्हते. तिने पुन्हा विचारले, मग स्वतःच उत्तर दिले, सार-भात करते. पुण्यात ते ऐकताना मी त्या शांततेपाशी आलो की थांबवतो आणि तिला फोन लावतो. ती उचलते, माझी मराठी ऐकते, आणि शब्द दुरुस्त करते.